हुशार मुलांची उन्हाळी शिबिरे: चाळणी चुकते, आणि पुढचे वर्षही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुट्टी जवळ आली की सहावी ते आठवीच्या ‘प्रज्ञावंत’ मुलांसाठी अभ्यास-शिबिरांच्या जाहिराती येऊ लागतात. प्रवेशाची अट बहुतेक ठिकाणी एकच: शाळेच्या परीक्षेत नव्वद किंवा पंचाण्णव टक्के. घोळ तिथूनच सुरू होतो.

शाळेची परीक्षा त्या इयत्तेचा अभ्यासक्रम मुलाला कितपत आला हे पाहते, आणि ते काम ती नीट करते. पण वर्गातली पहिली पाच-सहा मुले त्या प्रश्नपत्रिकेच्या छताला डोके टेकून उभी असतात. त्यांतले कोण खरोखर किती उंच, हे त्या छताखाली कळणार कसे? 96 आणि 99 यांतला फरक पुष्कळदा हातचा विसरण्याइतकाच असतो. म्हणजे टक्क्यांवर निवड केली की नीटनेटकी, न चुकणारी मुले आत येतात. वेगळा विचार करणारे पण उत्तरपत्रिका गबाळी लिहिणारे मूल बाहेर राहते.

यावरचा उपाय जुना आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅनली यांनी 1971 मध्ये गणितात पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. महाविद्यालयात प्रवेश घेऊ पाहणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसाठी असलेली सॅट ही परीक्षा त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना दिली. शाळेच्या गुणपत्रिकेवर एकसारखी दिसणारी मुले त्या 200 ते 800 गुणांच्या पट्टीवर दूरदूर पांगली. याच कामातून 1979 मध्ये त्या विद्यापीठाचे प्रज्ञावंत मुलांसाठीचे केंद्र उभे राहिले. तीन आठवड्यांच्या निवासी उन्हाळी अभ्यासक्रमाची जी घडण आज अनेक ठिकाणी दिसते, ती बरीचशी तिथली.

हे कुठल्याही शिबिराला करता येईल. स्वतःच्या इयत्तेत जी मुले आधीच वरच्या तीन-पाच टक्क्यांत आहेत, फक्त त्यांनाच दोन ते चार इयत्ता वरची चाचणी द्यावी. सरसकट सगळ्यांना दिली तर बहुतेकांच्या पदरी नुसती नामुष्की येते, हाती माहिती काही लागत नाही. चाचणी त्याच विषयाची हवी. गणिताच्या वर्गासाठी भाषा, विज्ञान आणि गणिताची बेरीज करून गुणवत्ता यादी लावणे निरर्थक आहे. ‘यातले निम्मे प्रश्न सुटणार नाहीत, तसेच अपेक्षित आहे’ हे मुलांना आणि पालकांना आधी सांगावे. नाहीतर आयुष्यात पहिल्यांदा पन्नास टक्के पाहिलेले मूल घरी जाऊन रडते आणि पालक फोन करतात.

कटऑफ ही दगडावरची रेघ नाही. समजा, एखाद्या बुद्धिमापन चाचणीचे प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरतात ते) 15 आणि विश्वसनीयता (पुन्हा घेतल्यास निकाल कितपत तसाच येतो ते; 1 म्हणजे अगदी तसाच) 0.91 आहे. तिची प्रमाण त्रुटी साडेचार गुणांची निघते, म्हणजे एकाच मुलाचे गुण नुसत्या योगायोगाने साधारण तितके वरखाली होऊ शकतात. अशा चाचणीत 130 ला आत आणि 128 ला बाहेर असा निकाल लावणे म्हणजे छापा-काटा. रेघेच्या दोन्ही बाजूंना चार-पाच गुणांचा पट्टा सोडावा आणि त्यातल्या मुलांना न शिकवलेला एखादा प्रश्न देऊन तासभर काम करताना पाहावे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी 1921 मध्ये सुरू केलेल्या प्रसिद्ध पाहणीत दीड हजारांवर हुशार मुले निवडली गेली. चाचणी देऊनही त्यात न बसलेल्यांपैकी विल्यम शॉकली यांना पुढे 1956 मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले.

आणि ही चाचणी शाळेतच, शाळेच्या वेळेत घ्यावी. सुट्टीच्या दिवशी लांबच्या केंद्रावर ठेवली की जाहिरात वाचणाऱ्या आणि मुलाला तिथवर नेऊ शकणाऱ्या घरांतलीच मुले येतात. शुल्कमाफी नंतर जाहीर करून ही गळती भरून निघत नाही, कारण ते मूल यादीत आलेलेच नसते.

निवड झाल्यावरची दुसरी चूक म्हणजे सगळ्यांना पान एकपासून शिकवणे. स्टॅनली यांची पद्धत ‘आधी निदान, मग शिकवणे’ अशी होती. पहिल्या दिवशी मुलांना त्या अभ्यासक्रमाच्या शेवटची परीक्षा द्यायची. ज्या उत्तराची खात्री नाही तिथे प्रश्नचिन्ह करायला सांगायचे. तपासल्यावर चुकलेले प्रश्न बरोबर उत्तर न सांगता परत द्यायचे आणि वेळेचे बंधन न घालता पुन्हा सोडवायला लावायचे. जे आता सुटले ते घाईचे बळी, त्यांवर वेळ घालवू नये. जे पुन्हा चुकले त्यांबद्दल शिक्षकाने मुलाशेजारी बसून ‘तू कसा विचार केलास’ हे विचारावे. कच्चे दुवे तिथे सापडतात, आणि शिकवायचे तेवढेच. मग त्याच धर्तीची दुसरी प्रश्नपत्रिका द्यावी. चाळीस प्रश्नांपैकी एकोणतीस आधीच येत असतील तर त्या मुलाला उरलेल्या अकरांसाठी तीन आठवडे बसवून ठेवण्यात काय अर्थ? त्याला सरळ पुढच्या भागावर न्यावे.

तासांचा हिशेबही आधी मांडावा. सकाळी तीन तास, दुपारी दोन, संध्याकाळी देखरेखीखाली दोन तास स्वाध्याय, आठवड्याचे पाच दिवस: तीन आठवड्यांत 105 तास होतात. शाळेत एका विषयाला वर्षभरात साधारण इतकाच वेळ मिळतो. हा हिशेब एकच विषय घेतला तरच जुळतो. रोबोटिक्स, वैदिक गणित, व्यक्तिमत्त्व विकास आणि खगोलशास्त्र अशी भेळ केली की प्रत्येकाच्या वाट्याला ओळख करून देण्यापुरताच वेळ येतो. एका वर्गात पंधरा-सोळा मुले, एक शिक्षक आणि एक सहायक, एवढे गणित पाळावे. चाळीस मुलांच्या वर्गात शेजारी बसून निदान करता येत नाही, उरते ते व्याख्यान.

व्याख्यानाचा मोह महाविद्यालयातून आलेल्या पाहुण्या शिक्षकांना फार. या वयाच्या मुलांना कसा प्रश्न लागतो त्याचा एक नमुना देतो. तिकिटे फक्त 5 आणि 8 किमतीची आहेत, हवी तितकी घ्या. कोणत्या रकमा जमणार नाहीत? पहिली दहा मिनिटे सगळेच यादी करतात. वीसेक मिनिटांत कोणीतरी 27 वर थांबते आणि त्यापुढे सगळे जमते म्हणून सांगते. इथे शिक्षकाने ‘बरोबर’ म्हणायचे नाही, ‘कशावरून?’ म्हणायचे. 28 ते 32 या लागोपाठच्या पाच रकमा जमतात आणि त्यांत पाच-पाच मिळवत गेले की पुढचे सगळे येते, हे मुलांना स्वतः सापडू द्यावे. न जमणाऱ्या रकमा चौदा. मग तिकिटे 6 आणि 9 ची करावीत. आता मोठ्यात मोठी न जमणारी रक्कमच सापडत नाही. त्याचे कारण शोधताना सामाईक विभाजक हा पाठ केलेला शब्द पहिल्यांदा कामाला येतो. एका प्रश्नावर सकाळ जाते, आणि ती जाऊ द्यावी.

अडते ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. शाळेत कधीच न अडलेल्या मुलाला इथे पहिल्यांदा काही सुटत नाही, आणि शेजारचा मात्र सोडवतोय. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांच्या संशोधनातून 1984 पासून हे पुढे आले आहे: तितकीच क्षमता असलेले मूल अधिक हुशार मुलांच्या गटात गेले की स्वतःला कमी लेखू लागते. म्हणून रोजचे गुण आणि क्रमांक फळ्यावर लावू नयेत, आणि पहिल्या दोन दिवसांत शिक्षकाने स्वतः न सोडवलेला प्रश्न मुलांसमोर घेऊन चुकून दाखवावे. निवासी शिबिरात घरच्या आठवणीही याच सुमारास उफाळतात. दहा-बारा मुलांमागे राहायला एक ताई किंवा दादा हवा, आणि तो दिवसा शिकवणारा नको. झोपेची वेळ ठरलेली हवी. दोन रात्री जागलेल्या मुलांचा तिसरा दिवस वाया जातो हे आयोजक दरवर्षी पाहतात आणि दरवर्षी रात्रीचे कार्यक्रम ठेवतात.

सर्वांत मोठे नुकसान मात्र शिबिर संपल्यावर होते. पुढच्या इयत्तेचे बीजगणित तीन आठवड्यांत पक्के करून मूल शाळेत परतते आणि तेच बीजगणित वर्षभर पुन्हा ऐकते. यासाठी प्रवेश देतानाच शाळेशी लेखी बोलणी हवीत. शिबिर संपताच, शाळा उघडण्याआधी, दोन पानी अहवाल मुख्याध्यापकांकडे जावा: कोणते घटक झाले, सुरुवातीच्या व शेवटच्या चाचणीचे गुण किती, चुका कोणत्या प्रकारच्या राहिल्या, पुढे काय द्यावे. ‘उत्साहाने सहभाग घेतला’ असे छापलेल्या प्रमाणपत्राचा शाळेतल्या शिक्षकाला काही उपयोग नसतो.

शाळा तयार नसेल, तर त्या मुलाला पुढच्या इयत्तेचा अभ्यासक्रम शिकवूच नये. संख्या सिद्धान्त (पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास), मोजणीच्या युक्त्या, आलेख सिद्धान्त (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे गणित), सांकेतिक लिपी, तर्कशास्त्र असे शाळेच्या वाटेवर न येणारे विषय द्यावेत. पालक ‘याचा परीक्षेला काय उपयोग’ असे विचारतील. परीक्षेला थेट उपयोग नाही, हे त्यांना पैसे भरण्याआधी सांगावे.

आपले,
उन्हाळी शिबिरांत गणित शिकवणारे काही शिक्षक