मडगावच्या आंटींना, दुबईहून

प्रिय आंटी,

तुम्ही आता कायमच्या मडगावला परतलात. इथे असताना आभाराचा शब्द काढला की लगेच विषय बदलायचात, म्हणून आज सगळ्यांसमोरच लिहिते. दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या सेंट मेरीज चर्चमध्ये तुमच्यामुळे रुळलेल्या माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. त्यांच्याही वतीने हे पत्र आहे असं समजा.

मी २०१८ साली वसईहून आले. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या परिसरात, मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) संपल्यावर घरी पोहोचायला तास लागतो, कारण वाटेत प्रत्येकाशी बोलावं लागतं. इथे मात्र हजारो माणसं आणि ओळखीचा एकही चेहरा नाही. तेव्हा सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे रविवारची सगळी गर्दी शुक्रवारीच व्हायची. इंग्रजी मिस्साची मंडळी बाहेर पडेपर्यंत पुढच्या भाषेची दारात उभी असायची. मल्याळम, तमिळ, तागालोग, कोंकणी, अरबी, उर्दू. आवारातल्या त्या गर्दीत मला मेट्रोतल्यापेक्षाही परकं वाटायचं. कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घेऊन शेवटच्या आशीर्वादाआधीच मी निघून जायचे.

अशा निघून जाणाऱ्यांनाच तुम्ही हेरायचात, हे मला फार उशिरा कळलं. शेवटच्या बाकाच्या टोकाला बसणारे, मिस्सा संपायच्या आत मोबाइल बघणारे, बाजूच्या दाराने सटकणारे. तुम्ही त्या बाजूच्या दाराशीच उभ्या असायच्यात. "बाय, कुठल्या गावची?" एवढंच विचारलंत आणि वसई म्हटल्यावर हात धरून सावलीत नेलंत. मग पर्समधून ती लांबट वही काढलीत. रबर लावलेली, कोपरे झिजलेली. त्यात कोणाला खोली हवी, कोणाकडे जागा रिकामी आहे, कोणाच्या ऑफिसात माणूस हवाय, कोण रात्रपाळीला असतं म्हणून दुपारी फोन करायचा नाही, असं सगळं तुमच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. माझं नाव लिहिलंत, पुढे आईचा फोन नंबर. त्याच संध्याकाळी तुम्ही तिला वसईला फोन केलात. आई आजही सांगते, त्या रात्री तिला नीट झोप लागली.

करामा भागातली बेडस्पेस, म्हणजे सामायिक खोलीतली एका खाटेची भाड्याची जागा, बघायला तुम्ही स्वतः आलात. मी भाडं विचारून गप्प झाले असते. तुम्ही विचारलंत की खोलीत किती जणी, स्वयंपाक करू देतात का, वीज-पाण्याचं बिल भाड्यात धरलंय का, कपाटाला कुलूप आहे का. दोन जागा तुम्ही दारातूनच नाकारल्यात. तिसरी घेतली, तिथल्या मुली अजून माझ्या मैत्रिणी आहेत.

पुढे माझ्या पहिल्या कंपनीने पगार थकवला आणि पासपोर्टही स्वतःकडे ठेवून घेतला. मी घाबरून कोणाला सांगत नव्हते. पासपोर्ट मालकाने ठेवायचा नसतो, तसा इथे कायदाच आहे, आणि कामगार मंत्रालयात तक्रार करता येते, हे तुम्ही सांगितलंत. नुसतं सांगून थांबला नाहीत. मल्याळी संघातल्या ज्या अंकलना त्या कामाची माहिती होती त्यांच्यासमोर मला नेऊन बसवलंत. ते रोमन कॅथलिकही नव्हते, शेजारच्या होली ट्रिनिटी या अँग्लिकन चर्चच्या आवारात उपासनेला येणारे. तुमच्या वहीत दोन्ही आवारांची माणसं होती.

पण आंटी, माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं काम वेगळंच आहे. तुम्ही मला पाहुणी म्हणून फार दिवस बसू दिलं नाहीत. ओळख होते न होते तोच हातात गीतांच्या पुस्तिकांचा गठ्ठा दिलात आणि दारात उभं केलंत. मला तेव्हा ते घाईचं वाटलं होतं. आता वाटतं, नव्या माणसाचं नुसतं आदरातिथ्य केलं तर तो उपकाराखाली दबतो. काम दिलं की पुढच्या आठवड्यात त्याची वाट बघणारं कोणीतरी असतं. नाताळाआधी फिलिपिनो मंडळींची नऊ दिवसांची मिस्सा असते, आवारात पाय ठेवायला जागा नसते. तिथे खुर्च्या मांडायला तुम्ही आम्हा वसई-गोव्याच्या पोरींना पाठवलंत. एका डिसेंबरात माझ्या जितक्या ओळखी झाल्या तितक्या आधी कधीच झाल्या नव्हत्या.

आणि ५ फेब्रुवारी २०१९ कसा विसरू? पोप फ्रान्सिस अबू धाबीला आले होते, अरबी द्वीपकल्पात पाऊल ठेवणारे पहिले पोप, आणि त्या दिवशी त्यांची मिस्सा होती. मंगळवार होता, पण तिकीट असलेल्यांना सुट्टी मिळाली. तिकिटं धर्मग्रामांतूनच वाटली गेली आणि नव्याने आलेल्यांची नावं यादीतून राहू नयेत म्हणून तुम्ही ऑफिसात कितीदा खेटे घातलेत ते मी पाहिलंय. रात्रीच बस निघाली. झायेद स्पोर्ट्स सिटीच्या स्टेडियमवर आत-बाहेर मिळून लाखाच्या वर माणसं होती, आणि आमच्या बसमधल्या एका घरकामगार बाईला पुढची जागा मिळावी म्हणून तुम्ही तुमची सोडलीत.

कोविडमध्ये चर्च बंद झालं तेव्हा तुमची वही फोनवर चालू राहिली. नोकऱ्या गेलेल्यांच्या घरी तांदूळ-डाळ कोणाच्या गाडीतून गेली, ते नावांसकट सांगू नकोस म्हणाला होतात, म्हणून सांगत नाही.

तुमचे मनापासून आभार, आंटी. माझ्या खोलीचे, पासपोर्टचे, आईच्या झोपेचे, दारात उभं केल्याचे.

एक काम राहिलंय. आईला तुम्हाला भेटायचंय. वांद्रे-मडगाव गाडी आता वसईला थांबते, तिकीट मी काढते. मी सुट्टीवर येईन तेव्हा या, आणि निदान आठवडाभर राहायच्या तयारीनेच या.

तुमची,
वसईची बाय