पोच

सातारा,
२८ जानेवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या ऑगस्टातल्या पत्राला जानेवारी संपताना उत्तर देतोय, राग धरू नकोस. पत्र आलं त्याच आठवड्यात दोन पानं लिहिली होती. पुन्हा वाचली तेव्हा मलाच पटेनात, म्हणून फाडली. परवा सव्वीस जानेवारीला पोलीस कवायत मैदानावर जाऊन आलो आणि घरी आल्यापासून तुझंच पत्र डोक्यात आहे.

तू तिकडे अमेरिकेत, इंडियानापोलिसला ड्रम कोअरची, म्हणजे चालत वाजवणाऱ्या पोरांच्या पथकांच्या स्पर्धेची, अंतिम फेरी बघितलीस. मैदानावर दीडशेच्या वर पोरं, पितळी वाद्यं आणि ड्रम, अकरा-बारा मिनिटांचा खेळ. त्यासाठी सगळा उन्हाळा बसमधून गावोगाव फिरायचं, शाळांच्या जिममध्ये फरशीवर झोपायचं, वर हजारो डॉलर स्वतःच भरायचे. एकवीस-बावीस वय झालं की दार बंद, पुन्हा त्या मैदानावर उतरता येत नाही. हे सगळं तू असं लिहिलं होतंस की मला ती पोरं दिसली. आणि मग तुझ्या शेजारचा तो गृहस्थ. एका पथकाचं वाजवून झालं, पोरं धापा टाकत उभी, आणि हा हाताची घडी घालून बसलेला. तू विचारलंस तर म्हणाला, मी तिकीट काढलंय, आवडलं तर टाळी वाजवीन. तू लिहिलंस की त्याचं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंच. आणि मला विचारलंस, पोरांना टाळी देणं लागतो का रे आपण?

फाडलेल्या पानांत मी त्या गृहस्थाच्या बाजूचा होतो. कारण तुला माहीत आहे, आपण दोघं कुठल्या श्रोत्यांत बसून मोठे झालो. मिरजेला उरुसात दर्ग्याच्या आवारात चिंचेखाली रात्र काढली होती, आठवतं? कलावंत बिदागी न घेता येतात, किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं हजेरी लावतात. तिथं टाळ्यांचा कडकडाट नव्हता. एखादी जागा अशी यायची की शेजारचे आजोबा डोळे मिटून नुसता हात उचलायचे, आणि गाणाऱ्याला ते तिथून कळायचं. दाद अशी असते. ती मागून मिळत नाही, सगळ्यांना सारखी वाटता येत नाही, आणि वाटली तर तिला काही किंमत राहत नाही. म्हणून मी लिहिलं होतं की वयाकडे बघून दिलेली टाळी ही पोरांची फसवणूक आहे. आपल्याकडे निवेदक माईकवरून सांगतो, ‘जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत’, आणि लोक शेंगा सोलता सोलता दोन टाळ्या वाजवतात. असल्या टाळीनं कुठल्या पोराचं भलं होतं?

यातलं पुष्कळसं मला आजही खरं वाटतं. पण मी दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापानं मोजत होतो.

माझी पुतणी आठवीत आहे, शाळेच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवते. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून पहाटे सहाला मैदानात हजर. थंडीत पितळ गार पडलं की सूर उतरतो, तो वर धरायचा तर सगळा जोर ओठांवर येतो. शाळेची वाद्यं जुनी, माउथपीसचा चांदीचा मुलामा कधीच गेलाय, आतलं पितळ थेट ओठाला लागतं. डिसेंबरभर तिचा खालचा ओठ फुटलेला होता. आई तूप लावायची आणि ही पुसून टाकायची, तुपानं माउथपीस सरकतं म्हणून. आपल्या वेळी बिगूल होता. त्याला बटणं नव्हती, पाच सुरांत सगळा संसार. हिला तीन बटणं आहेत आणि त्यामानाने जबाबदारीही जास्त. २०२३ च्या शिवजयंतीपासून ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ राज्यगीत झालं, तेव्हापासून तेही बसवावं लागतं. दोन कडवी, एक मिनिट एक्केचाळीस सेकंद. ऐकायला सोपं वाटतं, पण शाहीर साबळ्यांचा तो आवाज आपल्या सगळ्यांच्या कानात इतका पक्का बसलाय की ट्रंपेट जरासं कमी पडलं तरी कळतं. त्यात शाहीर आपल्या वाई तालुक्यातल्या पसरणीचे. साताऱ्यात ते वाजवायचं म्हणजे पोरांच्या छातीवर दडपणच.

परवा अजिंक्यताऱ्यावर धुकं होतं, हात खिशातून काढवत नव्हते. राज्यगीत वाजलं. शेवटच्या ओळीला वरचा सूर तिच्याकडे होता, तो तिनं स्वच्छ लावला. मी ओळखला. टाळी अर्थातच नाही. राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदांनंतर जशी नसते तशी इथंही नसावी, सगळे सावधान उभे होते आणि तेच योग्य. पण त्यानंतर संचलनात पोरांची स्वतःची धून होती, तीन महिने घोटलेली. ती सुरू झाली आणि निवेदकानं त्यावरच पाहुण्यांची नावं वाचायला घेतली. नावं संपेपर्यंत अर्धी धून गेली. मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानं सगळ्या मैदानाला ठेक्यावर टाळ्या धरायला सांगितलं. लोकांनी मनापासून धरल्या. आणि मागच्या रांगेतल्या साइड ड्रमवाल्यांची पावलं चुकायला लागली.

याचं कारण तुला सांगायला नको, तू बेस ड्रम गळ्यात अडकवून तीन वर्षं चाललायस. तरी लिहितो, कारण तिथं बसलेल्या कुणालाच ते माहीत नव्हतं. मिनिटाला १२० पावलांची चाल, म्हणजे एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटरवरच्या माणसाला ठोका ऐकू येईतो पाऊल अर्ध्याहून जास्त पडून गेलेलं असतं. त्या ठोक्यावर त्यानं वाजवलेली टाळी पोरांपर्यंत परत येते तेव्हा एका पावलाहून जास्त उशीर झालेला असतो. चारी बाजूंनी हजार माणसं अशी उशिराची टाळी वाजवू लागली की कोवळ्या पोरानं कुणाचं ऐकायचं? आपले बँडमास्तर म्हणूनच ओरडायचे, ‘कान बंद! डोळे छडीवर!’ लोकांचं प्रेम खरं होतं, आणि त्याच प्रेमानं पोरांची लय मोडली. धून संपली तेव्हा मात्र पुढची तुकडी आली म्हणून सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. जिथं टाळी हवी होती तिथं काहीच नाही.

आणि मी? मी मोबाइल वर धरून उभा होतो. माझे दोन्ही हात गुंतलेले होते. हे तुला लिहितानाही मला त्रास होतोय.

घरी आल्यावर तिनं बूट सोडता सोडता विचारलं, ‘काका, ऐकू आलं का?’ मी म्हटलं, व्हिडिओ मस्त आलाय. म्हणाली, ‘तसं नाही. तिथं बसलेल्यांना ऐकू आलं का?’

कसं झालं, हे तिनं विचारलं नाही. कसं झालं ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. सरांनी जाग्यावरच तिच्या दोन चुका सांगितल्या होत्या. तिला वेगळंच काहीतरी हवं होतं. मैत्रिणीला पार्सल पाठवलं की आपण विचारतो ना, पोचलं का? तसं. चालत वाजवणाऱ्या पोराला ते कळायला दुसरा मार्गच नाही. गवई बैठकीत तोंडं बघतो, नटाला अंधारातही नाट्यगृहाचा श्वास कळतो. या पोरांची नजर समोर बांधलेली. ‘दाहिने देख’ झालं तरी दिसतो तो मानवंदना घेणारा पाहुणा. लोकांसमोरून जायला लागतात वीस-पंचवीस सेकंद, आणि तेवढ्यात मागून काही आलं तर आलं, नाहीतर तीन महिन्यांच्या पहाटा कुठं गेल्या ते कळतच नाही.

तर मित्रा, माझं आता असं झालंय. दाद आपण देणं लागत नाही. ती पोरांनी मिळवावी, आणि त्या गृहस्थाला ती न देण्याचा पूर्ण हक्क आहे. उठून उभं राहू नको, शिट्टी मारू नको, घरी जाऊन म्हण की यंदाचं पथक फिकं होतं. पण पोच देणं लागतो. तुम्ही पाठवलंत, ते आम्हाला मिळालं, एवढंच सांगणारी चार टाळ्यांची पोच. तिकिटाचा तिच्याशी संबंध नाही. पैसे भरून पोस्टातून टपाल आणलं म्हणून पाठवणाऱ्याला ‘मिळालं’ कळवायचं नाही असं कुणी करत नाही.

आणि ती पोच टाळीच असली पाहिजे असंही नाही. मोती चौकाच्या अलीकडचं पत्र्याचं दुकान तुला आठवत असेलच. बादल्या-पिंपं ठोकणारा तो कारागीर. प्रभातफेरी जवळ आली की त्याच्या हातोडीची ठकठक आपल्या ठेक्याच्या मध्ये यायची आणि तू वैतागायचास. आठवीच्या वर्षी तुझ्या ड्रमचा पट्टा तुटला, तू एका हातानं ड्रम पोटाशी धरून दुसऱ्या हातानं ठोका देत राहिलास. त्या दिवशी दुकानाशी आलो आणि ठकठक थांबली. त्यानं हातोडी मांडीवर ठेवली होती. आपण पुढच्या वळणावर गेलो तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. घरी जाताना तू चार वेळा सांगितलंस, ‘त्यानं थांबवली रे.’ टाळी एकही वाजली नव्हती. मी तर म्हणतो आपल्या सगळ्या शाळकरी वाजवण्याची तेवढी एकच पोच आपल्याला मिळाली, आणि ती आपल्याला आयुष्यभर पुरली.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुतणीलाही वाचून दाखवलं. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी तिकडे बिगूल आणि ड्रमची पथकं उभी केली, त्यातूनच आजचे ड्रम कोअर वाढले. आपले बँडमास्तरही पलटणीच्या बँडमधून निवृत्त होऊनच शाळेत आलेले. लढाईत बँडवाले वाद्यं खाली ठेवून स्ट्रेचर उचलतात, हे आपल्याला त्यांनीच सांगितलं होतं. जखमी माणसाला उचलताना पावलं जुळावी लागतात, नाहीतर त्याला हिसके बसतात, म्हणून ते पावलावर एवढे कडक होते. हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, त्यांच्यासाठी कुणी टाळ्या वाजवायचं का?

एक मेला याच मैदानावर पुन्हा वाजवायचंय. मी जाणार आहे. मोबाइल वहिनीकडे देऊन जाणार. निवेदकांना आधी भेटून विनंतीही करणार आहे की धून चालू असताना नावं वाचू नका, ठेका धरायला सांगू नका, संपली की दोन क्षण थांबा. ऐकतील असं वाटतं, माणूस वाईट नाही.

तुझं मे महिन्यात यायचं नक्की असेल तर एक काम कर. तिकडे ट्रंपेटचं चांगलं माउथपीस मिळत असेल तर घेऊन ये. जमलं तर दोन आण, तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या पोराचाही ओठ फुटलाय. आणि त्या गृहस्थाची पुढच्या ऑगस्टात पुन्हा गाठ पडली तर त्याला पत्र्याच्या दुकानाची गोष्ट सांग.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
तिसऱ्या रांगेतला बिगूल