गाडीसाठी जीपीएस घेतलंय

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आधीच सांगतो. गाडीसाठी वेगळं जीपीएस मागवलंय, पैसे भरून झालेत, या आठवड्यात कुरिअर साताऱ्यात पोचेल. तेव्हा "कशाला खर्च केलास" हे राहू दे.

तुम्हाला रस्ता माहीत नाही म्हणून मुळीच नाही. उंब्रज, पाटण, हेळवाक, कुंभार्ली, पोफळी, सगळं तुम्हाला तोंडपाठ. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं टेकून मीही ते तुमच्याकडूनच शिकलो. घाट लागला की आई आलेपाकाची वडी तोंडात सारायची. पण चिपळूणच्या पुढे आता इतके नवे फाटे झालेत की कुणीही चुकेल. आणि मागच्या खेपेला नकाशा लावून ठेवल्याने फोनची बॅटरी उतरली, तुमचा फोन येईपर्यंत इकडे बंगळुरात माझा जीव टांगणीला लागला होता.

फोनमध्येही नकाशा उतरवून ठेवता येतो, तो विचार केला होता. पण तुमचा फोन उन्हात तापतो, मधेच कॉल आला की नकाशा झाकला जातो. फोन बोलायला मोकळा राहू दे. या यंत्रात सगळा नकाशा आतच असतो, रेंज गेली तरी ते थेट उपग्रहांकडून जागा ओळखतं. किमान चार उपग्रह दिसावे लागतात, म्हणून निघण्याआधी अंगणात, उघड्या आभाळाखाली दोन-चार मिनिटं सुरू करून ठेवा. पडदा मुद्दाम सात इंची घेतलाय, लहान घेतला असता तर बाबांना चष्मा वर-खाली करत बसावं लागलं असतं. नकाशाचे अपडेट फुकट मिळतात, ते मी दिवाळीत आलो की करीन.

आई, थर्मासचा चहा, पाटणला थांबणं, तुझी मागची उशी, यातलं काही बदलणार नाही. टपरीवर गाडी थांबवून रस्ता विचारायलाही कुणी अडवलेलं नाही.

आता ऐका. काचेवर मधोमध लावू नका, समोरचं दिसायला हवं. चार्जरची वायर गाडीच्या सॉकेटमध्ये असू द्या, आतली बॅटरी फार टिकत नाही. गाव घालायचं ते गाडी उभी असताना, आणि ते काम आईनं करायचं. सेटिंगमध्ये कच्चे रस्ते टाळण्याचा पर्याय चालू करा, नाहीतर जवळचा म्हणून कुठल्यातरी पाणंदीत नेईल. उन्हात गाडी लावली की काढून घरात आणा.

दरड कोसळून घाट बंद झालाय हे मात्र त्याला कळणार नाही. पावसाळ्यात निघण्याआधी आत्याला फोन करायचाच. अंधार पडला तर चिपळूणलाच मुक्काम करा, आत्या तेवढंच म्हणत असते. बाबा, बीपीची गोळी डॅशबोर्डच्या कप्प्यात नको, आईच्या पर्समध्ये ठेवा.

यंत्र आलं की व्हिडिओ कॉल लावा, मी बसवून देतो.

तुमचा,
बाळू