जुलाब थांबल्यानंतरचं पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

दर पावसाळ्यात तुमच्या पेपरात पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका असं येतं, ते चांगलंच आहे, पण जुलाब थांबल्यावर काय ते कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

आम्ही सिडकोत राहतो. माझ्या दीड वर्षाच्या नातीला जुलाब झाले, चौथ्या दिवशी थांबले, पोर वाळून गेली म्हणून मीच तिला जास्तीचं दूध पाजायला लागले आणि परत सुरू. पोट टम्म, शी फेसाळ नि आंबूस वासाची, ढुंगण इतकं लालभडक की पाणी लागलं तरी किंचाळायची. मेडिकलवाल्याने अँटिबायोटिकची बाटली दिली, काही फरक नाही. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी समजावलं की लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, तिच्या पेशींवर ब्रशसारखे बारीक केस, आणि दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज नावाचं एन्झाइम त्या केसांवरच असतं. रोटाव्हायरससारख्या जुलाबात लवेच्या शेंड्याच्या पेशीच झडतात, मग साखर तशीच खाली जाते, तिथले जंतू ती आंबवतात. नवीन पेशी चार-पाच दिवसांत येतात पण लॅक्टेज भरून यायला दोन-तीन आठवडे पण लागतात.

म्हणजे ॲलर्जी वगैरे काही नव्हती, शेजारणीने तर जन्मभर दूध तोडा म्हणून सांगितलेलं! थोडे दिवस वरचं दूध बंद, दही-भात, ओआरएस, झिंक 20 मिलिग्रॅम 14 दिवस, नंतर दूध मस्त पचलं. पण अंगावरचं दूध कधीच तोडायचं नाही, आणि त्रास नसेल तर वरचं पण उगाच नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

असाच ब्रश किडनीच्या नळ्यांतही असतो, गाळलेल्या पाण्यातलं कामाचं परत रक्तात घेतो. आमच्या ह्यांनी जुलाब चालू असतानाच गुडघ्याच्या पेनकिलर घेतल्या. अंगातलं पाणी कमी, त्यात ह्या गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा अजून घटतो, आणि इजा पहिली त्या ब्रशच्या पेशींना होते, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालते का ते दाखवणारं रक्तातलं माप, नंतर वाढतं. ह्यांचं वाढलंच, ॲडमिट करावं लागलं.

2027 ला सिंहस्थ आहे, केवढी गर्दी होईल, त्याच्या आधी आरोग्याच्या पानावर हे सगळं सविस्तर छापा ही कळकळीची विनंती.

एक आजी, सिडको, नाशिक