आधी पुठ्ठा तरी त्यांच्या हातात पडू द्या

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला वस्तीतल्या कचरा वेचणाऱ्या बायकांवरचा, म्हणजे तुमच्या भाषेत 'कचरा उद्योजिकां'वरचा लेख वाचला. लेख छान, फोटो तर त्याहून छान, सगळ्यांचे ग्लोव्हज कोरे करकरीत आणि हातात वेफर्सच्या पाकिटांच्या पर्स! अहो, त्या पाकिटांच्या पर्स होतात कारण भंगारात ती कोणी घेतच नाही, प्लास्टिक न् ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले, कोण सोडवत बसणार. घर चालतं ते पुठ्ठा, रद्दी, प्लास्टिकच्या पेट बाटल्या आणि पत्र्यावर. त्याबद्दल लेखात एक ओळ नाही.

आमच्या सोसायटीचंच सांगते. एका महिला गटाने सुका कचरा न्यायला सुरुवात केली तेव्हा कमिटीने भाषणं काय ठोकली, सेल्फी काय काढले. मग हळूच ठराव, की पुठ्ठे आणि बाटल्या सोसायटीच परस्पर विकणार, मेन्टेनन्सला तेवढाच हातभार! म्हणजे विकला जाणारा माल आमचा आणि डायपर, पॅड, चिकट डबे त्यांचे. तेही तसेच उघडे, २०१६च्या घनकचरा नियमांत गुंडाळून द्या असं स्पष्ट लिहिलेलं असताना. गटातली एक ताई म्हणाली, "चांगला माल तुम्ही काढून घेतला, आता आम्ही काय नुसता वास घ्यायला यायचं का?" तर ती उद्धट ठरली. माल निवडायला पार्किंगचा कोपरा मागितला, तोही नाही, म्हणे घाण होते. आणि काल तुमचा लेख ग्रुपवर सगळ्यात आधी कोणी टाकला? आमच्याच अध्यक्षांनी, 'नारीशक्तीला सलाम' लिहून.

ट्रेनिंग, सर्टिफिकेट द्या की, कोण नको म्हणतंय, पण छप्पर असलेली जागा नसेल तर माल साठवता येत नाही, मग त्याच दिवशी मिळेल त्या भावाला द्यावा लागतो, पुठ्ठा भिजला की तोही भाव गेला. मोठा व्यापारी दोन गोण्यांसाठी दारात येत नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तेव्हापासून कचऱ्यावरच्या हक्कासाठीच भांडण चाललंय, पर्ससाठी नाही.

आणि हो, ती पुरवणी प्लास्टिकमध्ये गुंडाळून कशाला पाठवता? तिचा गुळगुळीत कागद रद्दीतून वेगळा काढत बसावं लागतं ते वेगळंच.

पत्र छापलंत तर पूर्ण छापा. मागच्या वेळी नेमका मुद्दाच कापला होता.

– एक नियमित वाचक