मंत्रिसाहेब, त्या खुर्चीवरचे गठ्ठे तेवढे उचला

मा. मंत्री महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

दर हिवाळ्यात अधिवेशनाला आमच्या नागपुरात येता, तेव्हा ओळख आहे असं धरून लिहिते. प्लॉट-जमिनी नावावर करतात त्या तुमच्या कार्यालयात 'नागरिक मार्गदर्शन कक्ष' होणार, असं तुमच्या माणसांनी सांगितलं होतं. झाला. पाटी लागली, खुर्ची आली. खुर्चीवर फायलींचे गठ्ठे बसलेत, लाल फडक्यात बांधलेले.

माझे मिस्टर गेल्या ऑगस्टात वारले. मानेवाड्याकडचा प्लॉट त्यांनी १९८८ साली हप्त्याहप्त्यानं घेतला होता. तो मृत्युपत्रानं माझ्या नावे केला. लेकीच्या जुन्या वहीचं रेघांचं पान, निळी शाई, खाली त्यांची सही आणि दोन साक्षीदारांच्या: शेजारचे गुरुजी आणि चौकातले टेलर मास्टर. सही करताना यांचा हात थरथरला, ते त्या पानावर दिसतं. गुरुजी आता नाहीत.

प्लॉट माझ्या नावावर करायची फाइल मंगळवारी तिसऱ्यांदा परत आली. बाबू म्हणाले, "काकू, स्टॅम्प पेपर नाही, रजिस्टर केलं नाही, कसं चालंल? प्रोबेट आणा, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला." मग हळूच, "नाहीतर मुलीचं हक्कसोडपत्र करून घ्या, सोपं पडते."

साहेब, मी दहावी पास बाई. पण १९२५ चा भारतीय वारसा कायदा आता कोळून प्यायले. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो. रजिस्टर करायचं की नाही, ते करणाऱ्याच्या मर्जीवर. त्याची सही आणि दोन साक्षीदार, झालं. वाद कोर्टात गेलाच तर एक साक्षीदार उभा करावा लागतो, टेलर मास्टर ठणठणीत आहेत. आणि प्रोबेटची सक्ती होती ती मुंबईची, नागपूरच्या प्लॉटला ती कधीच नव्हती. हे मला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातल्या वकीलबाईंनी फुकट सांगितलं. १९८७ च्या कायद्यानं तिथं बायांना उत्पन्नाची अट नाही. तुमच्या भिंतीवर यातली एक ओळ नाही. तुमचे फोटो मात्र चार, मी मोजले. वेळ भरपूर होता.

प्लॉटची घाई का? विकायचा आहे. बेसा भागात लेकीनं आणि मी दोन खोल्यांचा फ्लॅट पाहिला, २४ लाखांचा. बिल्डरनं साध्या पावतीवर ३ लाख घेतले. करारनामा रजिस्टर होण्याआधी १० टक्क्यांवर, म्हणजे २ लाख ४० हजारांवर, दमडी घेता येत नाही, असं रेराचं, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याचं, कलम १३ म्हणतं. हे मला कोण सांगणार होतं? पावती फाडणारा पोरगा? प्लॉट नावावर होत नाही, म्हणून विकता येत नाही. विकला नाही, म्हणून दुसरा हप्ता थकला. बिल्डर आता फोन उचलत नाही. वर म्हणे बाईच्या नावानं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत! आधी बाईच्या नावावर काही येऊ तर द्या.

शेजारणीला लाडकी बहीण म्हणून १५०० मिळतात. माझे तेवढे तर निव्वळ ऑटोत गेले, जास्तच असतील, अकरा की बारा खेपा झाल्या. अर्ध्या नागपूरचे कागद असेच अडकले असतील, मी पैज लावते. ले-आउटचे प्लॉट, प्लॉट नियमित झाल्याच्या पत्रासाठी (आरएल) चकरा, आखीव पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या उताऱ्यावर, मेलेल्या माणसांची नावं. १९५३ च्या नागपूर करारानं सरकार दरवर्षी इथं यायचं ठरलं. येतं बाप्पा, येतं. सिव्हिल लाइन्सचे रस्ते चकचकीत होतात, मोर्चे अडवले जातात, हुरडा होतो, विमान सुटतं. आमची फाइल तिथंच.

लेकीचं हक्कसोडपत्र मी आणणार नाही. तिच्या बापानं ते मागितलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलावलंय. टेलर मास्टरांना सोबत आणतेय. ७९ वर्षांचे आहेत, फार वेळ उभं राहवत नाही त्यांना. तेवढी ती खुर्ची मोकळी करून ठेवायला सांगा.

आपली,
मानेवाड्याची एक काकू