मार्लीताई, तुम्ही अडून बसलात म्हणून

प्रिय मार्ली मॅटलिन, म्हणजे आमच्या मार्लीताई,

तुमचे आभार नेमके कशासाठी मानायचे, हे माझं केव्हाच ठरलं आहे. तुम्ही अमेरिकेतल्या कर्णबधिर अभिनेत्री, आणि कर्णबधिर आईबाप आणि त्यांची ऐकू येणारी मुलगी यांच्यावरच्या 'कोडा' या सिनेमाचं काम सुरू होण्याआधी तुम्ही अडून बसलात, त्यासाठी. पैसे घालणाऱ्यांना सिनेमातल्या तुमच्या नवऱ्याच्या भूमिकेत नाव असलेला, ऐकू येणारा नट हवा होता. कर्णबधिर माणसाची भूमिका कर्णबधिर नटच करेल, नाहीतर मीही या सिनेमात नाही, असं तुम्ही सांगितलंत. तेवढ्या एका नकारामुळे माझ्या घरात काय काय झालं ते तुम्हाला कळण्याचा मार्ग नाही, म्हणून लिहायला बसले आहे. मराठीत लिहितेय, कारण मनातलं मला मराठीतच नीट सांगता येतं, आणि हे पत्र माझ्यासारख्या इथल्या आयांनीही वाचावं अशी इच्छा आहे.

तुमची भूमिका पक्की होती. पन्नाशी ओलांडलेल्या कर्णबधिर नटीला एवढं काम वारंवार चालून येत नाही. तुम्ही गप्प राहिला असतात तर कुणी तुम्हाला नावं ठेवली नसती. ज्या फ्रेंच सिनेमावरून 'कोडा' बेतला, त्यातले आईबाप ऐकू येणाऱ्या कलाकारांनीच केले होते. आमच्याकडेही १९९६ च्या 'खामोशी'त कर्णबधिर आईबापांची कामं नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास यांनी केली होती. दोघेही मोठे कलावंत, त्यांच्या कामात खोट काढायची माझी पात्रता नाही. पण तो सिनेमा मी मोठ्या हौसेने मुलीला दाखवला तेव्हा ती अर्ध्यातून उठून गेली. 'कोडा' तिने सलग दोनदा पाहिला. ग्लॉस्टरमधलं ते मासेमारी करणारं कुटुंब जेवणाच्या टेबलावर हातवारे करत जे भांडतं ना, तिथे ती मला कोपराने ढोसत होती. 'बघ, हे आपल्यासारखं भांडतात.'

२७ मार्च २०२२ चा तो ऑस्करचा सोहळा. आमच्याकडे सोमवारची सकाळ होती. 'कोडा'त तुमचा नवरा झालेले कर्णबधिर नट ट्रॉय कॉट्सर यांचं नाव सहाय्यक अभिनेत्याच्या पुरस्कारासाठी निघालं. कोरियाच्या ज्येष्ठ अभिनेत्री युन यू-जुंग यांनी पाकीट उघडल्यावर आधी हाताने खूण केली आणि मग नाव पुकारलं. सभागृहभर लोकांनी हात वर करून हलवले, म्हणजे टाळ्या डोळ्यांना दिसतील अशा वाजवल्या. कॉट्सर बोलायला उभे राहिले तेव्हा युनबाईंनी त्यांच्या हातातली ऑस्करची बाहुली पुन्हा आपल्याकडे घेतली आणि भाषण संपेपर्यंत शेजारी धरून उभ्या राहिल्या. माझ्या मुलीने तिथे व्हिडिओ थांबवला. 'आई, त्यांना कळलं की बोलायला त्याचे दोन्ही हात मोकळे लागतात.' नंतर कॉट्सर आपल्या वडिलांबद्दल सांगत होते. त्यांच्या घरात सगळ्यात सुरेख खुणा करणारे वडील, आणि अपघातानंतर मानेखालचं शरीर लुळं पडल्यामुळे त्यांना खुणा करताच येईनात. मी रडत होते आणि ती माझं तोंड पुसत होती.

तुम्ही मात्र त्याआधी पस्तीस वर्षं ऑस्कर मिळालेल्या एकट्याच कर्णबधिर कलाकार होतात. ३० मार्च १९८७ ला 'चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड'साठी सर्वोत्तम अभिनेत्रीचा ऑस्कर घेतलात तेव्हा तुम्ही एकवीस वर्षांच्या होतात. तो तुमचा पहिलाच सिनेमा. त्या पुरस्काराची सगळ्यात तरुण मानकरी आजही तुम्हीच आहात. तरी एका समीक्षकाने लिहिलंच की ही कीव करून दिलेली मतं आहेत, बहिऱ्या मुलीने बहिऱ्या मुलीचं काम केलं तर त्यात अभिनय कसला. ऐकू येणाऱ्या नटांनी ऐकू येणाऱ्या माणसांची कामं केली तर हा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही.

पुढच्या वर्षी त्याच मंचावर तुम्ही नावं तोंडाने वाचून दाखवलीत तर कर्णबधिर समाजातलेच काही जण नाराज झाले. खुणा सोडून बोललात का, म्हणून. तुम्ही बावीस वर्षांच्या पोरीने त्या वेळी कुणाकुणाला उत्तरं द्यायची? त्यातून तुम्ही व्यसनातून नुकत्याच सावरलेल्या, आणि ज्या माणसाने तुमच्या हातात तो ऑस्कर दिला त्याच्याबरोबरच्या नात्यात काय सोसलंत ते २००९ साली आत्मचरित्रात लिहीपर्यंत जगाला ठाऊकही नव्हतं. त्याच १९८८ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठातली मुलं आम्हाला कर्णबधिर कुलगुरू हवा म्हणून गेट अडवून बसली होती, आणि तुम्ही टीव्हीवर त्यांच्या बाजूने उभ्या राहिलात. १८६४ पासून चाललेल्या विद्यापीठाला पहिला कर्णबधिर प्रमुख त्या आठवड्यात मिळाला.

कीव म्हणजे काय असतं ते आमच्या घराला शिकवावं लागत नाही. माझी मुलगी ज्या शाळेत होती तिथे दरवर्षी स्नेहसंमेलनात ती झाड व्हायची. हिरवा पुठ्ठा, वर कागदाची पानं, मागे उभं राहायचं. संवाद असलेलं सोडाच, नुसतं चालत जाण्याचं कामही तिला कधी दिलं नाही. विचारलं तर बाई म्हणायच्या, 'अहो, स्टेजवर आहे ना ती, फोटोत येते ना!' त्याआधी एका मोठ्या तज्ज्ञांनी आम्हाला बजावलं होतं की घरात खुणा करायच्या नाहीत, हात वापरायची सवय लागली तर पोरगी जन्मात बोलायची नाही. तिने पाण्याकडे बोट दाखवलं तरी द्यायचं नाही, 'पाणी' म्हणू दे, मग द्या. अडीच वर्षांच्या तहानलेल्या लेकराला! त्या माणसाने तिच्या डोळ्यांकडे एकदाही पाहिलं नाही, फक्त आलेख पाहिला. नातेवाइकांचं तर विचारूच नका. ती सहावीत असताना तिच्या लग्नाची काळजी करून झाली होती.

म्हणून तुमची आणि नट हेन्री विंकलर यांची गोष्ट मी इथल्या प्रत्येक आईबापाला सांगत असते. तुम्ही शिकागोजवळच्या मॉर्टन ग्रोव्हच्या. दीड वर्षाच्या असताना ऐकू येणं गेलं, सातव्या वर्षी मुलांच्या नाटकात 'विझर्ड ऑफ ऑझ'मधली डोरोथी केलीत. बारा वर्षांच्या असताना विंकलर तुमचा कार्यक्रम बघायला आले. त्या काळी टीव्हीवरचा त्यांचा फॉन्झी घराघरांत लाडका होता. तुमच्या आईने त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की मुलीला फार स्वप्नं दाखवू नका, पुढे तिलाच त्रास होईल. त्या माउलीला मी समजू शकते. मुलीने आपटू नये असंच तिला वाटत होतं. पण विंकलर यांनी तुमच्याकडे वळून सांगितलं की तुला जे व्हायचंय ते तू होऊ शकतेस. पुढे तुम्ही मोडून पडलात तेव्हा त्यांच्या दारात गेलात, दोनचार दिवसांसाठी म्हणून, आणि त्यांनी व त्यांच्या पत्नीने तुम्हाला दोन वर्षं घरात ठेवून घेतलं. तुमचं लग्नही त्यांच्याच घरी लागलं. मोठा नट, त्याला काय गरज होती? बारा वर्षांच्या मुलीला एक धीराचं वाक्य बोलून तो निघून गेला असता तरी चाललं असतं.

आता आमच्या जेवणाच्या वेळेबद्दल. रात्री सगळे टीव्हीसमोर. काहीतरी होतं, सगळे हसतात. मुलगी आमच्या चेहऱ्यांकडे बघते आणि विचारते, काय झालं? कुणीतरी म्हणतं, 'थांब, सांगते.' मग सांगायचं राहून जातं, किंवा सांगितलं जातं तेव्हा त्यातलं हसू गेलेलं असतं. कर्णबधिर माणसाच्या आयुष्यात या 'थांब, सांगते'चा केवढा ढीग साचत असेल! अमेरिकेत पूर्वी कॅप्शन, म्हणजे पडद्यावर लिहून येणारे संवाद, दिसायला वेगळा डबा विकत आणून टीव्हीला जोडावा लागायचा. १९९० साली कायदा झाला आणि १९९३ पासून तेरा इंच आणि त्याहून मोठ्या प्रत्येक टीव्हीत ती सोय आतच आली. त्यासाठी पुढे होऊन बोलणाऱ्यांमध्ये तुम्ही होतात. पुढे इंटरनेटवरच्या सिनेमांना कॅप्शन नाहीत म्हणून पुन्हा तुम्हीच आवाज उठवलात. आज माझी मुलगी मोबाइलवर विनोदी मालिका लावते आणि आमच्याआधी हसते. खरंच आधी. नटाने वाक्य संपवण्याच्या आत ते खाली लिहून आलेलं असतं ना! मग आम्ही विचारतो, काय झालं? आणि ती म्हणते, 'थांब, सांगते.' पण मराठी वाहिन्यांवर लागतं ते बहुतेक सगळं तिच्यासाठी अजून बंदच आहे. आजीबरोबर बसून बघावी अशी एक मालिका तिला मिळत नाही.

२०२३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात तुम्ही परीक्षक होतात. एका सिनेमाच्या खेळाला तुमचं कॅप्शनचं यंत्र चालेना. तुम्ही उठलात, आणि तुमच्याबरोबर जेरेमी ओ. हॅरिस आणि एलायझा हिटमन हे दोन्ही परीक्षकही उठून बाहेर पडले. त्या दोघांना सगळं ऐकू येत होतं. तरी ते म्हणाले नाहीत की तुम्ही बाहेर थांबा, आम्ही बघून सांगतो. योगायोग असा की त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण'च्या निर्मात्यांना ओटीटीसाठी कॅप्शन आणि दृष्टिहीनांसाठी ध्वनिवर्णन तयार करायला सांगितलं होतं. तेही काही कर्णबधिर आणि अंध प्रेक्षक न्यायालयात गेले तेव्हा.

आणि आता मला ज्याने राहवत नाहीये ते. मुलगी कॉलेजात आहे. तिथल्या मुलांनी एकांकिका बसवायला घेतली, दोन कर्णबधिर बहिणींची. धाकटीचं काम हिला दिलं. आमच्या घरात दिवाळी झाली. मोठ्या बहिणीसाठी दिग्दर्शकाने एक ऐकू येणारी मुलगी निवडली होती, गुणी, आधी बक्षिसं मिळवलेली. खुणा आठ दिवसांत शिकेल म्हणाला. मी तालमीच्या दाराशी डबा घेऊन उभी होते. मुलीने मोबाइलवर काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं आणि त्याच्यासमोर धरलं. तिच्या शाळेतली मैत्रीण हे काम करू शकते, तिला एकदा बघा. तिला न बघताच ठरवणार असाल तर माझं नाव काढा. तिचा हात थरथरत होता, पण तिने मोबाइल खाली घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदा झाडाचं सोडून दुसरं काम मिळालेली मुलगी ते सोडायला तयार झाली होती. रात्री मी तिला विचारलं, हे तुला सुचलं कसं? तिने तुमच्या नावाची खूण केली.

तो दिग्दर्शकही पोरसवदाच. तो चिडला असता तर मी त्याला दोष दिला नसता. त्याने दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला बोलावलं, तिचं काम पाहिलं आणि मोठी बहीण तिला दिली. आधी निवडलेल्या मुलीने तर कमालच केली. काम गेलं म्हणून रुसली नाही. ती आता तालमीला समोर बसते, पार्श्वसंगीत सुरू झालं की हात वर करून दोघींना इशारा देते. कुणी तिला हे सांगितलं नव्हतं. अशी माणसं आहेत जगात, ताई, आणि ती भेटली की आधीच्या सगळ्या बाईसाहेबांचा आणि तज्ज्ञसाहेबांचा राग जरा सैल होतो. पूर्ण जात नाही. तो जावा असंही मला वाटत नाही, कारण त्या शाळेत आजही कुणाची तरी मुलगी पुठ्ठा लावून मागे उभी असेल.

तुमच्या बाजूला जॅक जेसन नेहमी दिसतात. १९८५ पासून तुमचे हात बघून ते बोलतात, कर्णबधिर आईवडिलांचा मुलगा. त्यांना माझा नमस्कार सांगा. विंकलर दांपत्यालाही सांगा, की पुण्यातली एक आई तुमचं नाव घेऊन दुसऱ्या आयांना धीर देते. तुम्हाला मुलीचा नमस्कार. मैत्रिणीचाही, तिने मुद्दाम लिहायला सांगितलंय.

आपली,
एका कर्णबधिर मुलीची आई
पुणे